हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ : प्रस्तावना

दोन शहरांमधले हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून त्यांना जोडणारी सर्वांत कमी लांबीची रेषा आणि उड्डाणाचा वेळ म्हणजे त्या अंतराला विमानाच्या वेगाने भागून आलेले उत्तर, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या विमानाचा मार्ग बदलला, तेव्हा हे अपुरेपण आकड्यांतूनच दिसून आले. अटलांटिक महासागरावरून जाणारा जुना मार्ग सुमारे 13,900 किलोमीटरचा होता. पॅसिफिकवरून जाणारा नवा मार्ग सुमारे 15,300 किलोमीटरचा निघाला. अंतर 1,400 किलोमीटरने वाढले, तरी प्रवास जवळजवळ दोन तासांनी कमी झाला आणि विमान साडेचौदा तासांत पोचले. जुन्या मार्गावर पश्चिमेकडून येणारे जोरदार वारे समोरून यायचे. नव्या मार्गावर तेच वारे पाठीशी आले.

अंतर आणि वेळ यांचे नाते भागाकाराइतके सरळ का नाही, हा या विषयाचा गाभा आहे. त्याच्या उत्तरात पृथ्वीचा आकार, हवेचे प्रवाह, विमानाची क्षमता, देशांच्या सीमा, विमानतळांवरची गर्दी आणि घड्याळे या सर्वांचा वाटा असतो. म्हणून कोणताही आकडा हाती आला की तो कोणत्या अंतराचा आणि कोणत्या वेळेचा, हे आधी ठरवावे लागते.

अंतराचे तीन प्रकार मानणे सोयीचे आहे. पहिले भूमितीचे अंतर: दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन गणिताने काढलेले आणि कायम राहणारे. दुसरे मार्गाचे अंतर: ठरवून दिलेल्या हवाई मार्गांवरून, वळसे घेत, विमान जमिनीच्या संदर्भात प्रत्यक्ष जितके जाते तितके. तिसरे हवेतले अंतर: विमानाने भोवतालच्या हवेतून कापलेले. इंधन खर्च होते ते या तिसऱ्या अंतरावर. वेळेचेही तसेच तीन प्रकार आहेत. चाके धावपट्टी सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा हवेतला वेळ हा पहिला. विमान उभे असलेल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर उभे राहीपर्यंतचा वेळ हा दुसरा; विमान व्यवसायात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. तिसरा वेळापत्रकात छापलेला वेळ. त्यात गर्दी आणि हवामान यांच्यासाठी काही मिनिटे आधीच धरलेली असतात.

यांतले भूमितीचे अंतर सर्वांत जुने आहे. विमानांच्या कितीतरी आधी ते ज्योतिषी आणि दर्यावर्दी यांच्या कामाचे होते. पृथ्वी गोल आहे हे मान्य केले की तिच्यावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग सरळ रेषा राहत नाही, तो वर्तुळाचा कंस होतो. ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते त्याला बृहद्वृत्त म्हणतात आणि जवळचा मार्ग नेहमी अशाच वृत्तावरून जातो. भास्कराचार्यांनी 1150 च्या सिद्धान्तशिरोमणीतील गोलाध्यायात पृथ्वीचा परीघ 4,967 योजने दिला आहे. तो काढण्याची रीतही सांगितली आहे: एकाच रेखावृत्तावरच्या दोन नगरांमधले अंतर मोजावे, त्यांच्या अक्षांशांतला फरक घ्यावा आणि त्रैराशिकाने पूर्ण 360 अंशांचे अंतर काढावे. कोन आणि अंतर यांची ही सांगड आजही कायम आहे. सागरी मैल म्हणजे ढोबळमानाने बृहद्वृत्तावरच्या एका कलेएवढे, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर. 1929 मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने तो नेमका 1,852 मीटरचा ठरवला आणि वैमानिक व नियंत्रक आजही अंतर सागरी मैलांतच सांगतात. मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे 64.9 अंशांचा कोन होतो. त्याला 60 ने गुणले की सुमारे 3,890 सागरी मैल येतात, म्हणजेच 7,200 किलोमीटर.

युरोपात पोर्तुगीज गणितज्ञ पेद्रो नुनेश यांनी 1537 मध्ये दोन मार्गांमधला फरक स्पष्ट केला. एका मार्गावर होकायंत्राची दिशा कायम राहते, पण अंतर वाढते; दुसऱ्यावर अंतर सर्वांत कमी असते, पण दिशा सतत बदलत राहते. मर्केटर यांच्या 1569 च्या नकाशावर पहिला मार्ग सरळ रेषा म्हणून उमटतो. शाळेच्या भिंतीवर अनेकदा हाच नकाशा टांगलेला असतो, त्यामुळे सरळ दिसणारी रेषा तीच जवळची असा समज घर करून बसतो. मुंबई–न्यूयॉर्कचे उदाहरण हा समज दूर करायला पुरेसे आहे. नकाशावरची सरळ रेषा अरबस्तान, सहारा आणि अटलांटिक यांवरून जाते आणि तिची लांबी सुमारे 14,200 किलोमीटर भरते. बृहद्वृत्त मात्र मुंबईहून वायव्य-उत्तरेकडे निघते. तुर्कमेनिस्तान आणि रशियातल्या सारातोवच्या परिसरावरून ते सेंट पीटर्सबर्गच्या जवळून जाते, नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या आसपास पोचते, आइसलँडच्या पूर्वेला 65 व्या अक्षांशाच्या अगदी जवळ जाते, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला स्पर्शून लॅब्रॅडॉरमार्गे खाली उतरते. ते सुमारे 12,540 किलोमीटरचे आहे. उष्ण कटिबंधातल्या शहरातून अमेरिकेला निघालेले विमान आर्क्टिकच्या उंबरठ्याशी का जाते, याचे उत्तर पृथ्वीच्या गोलाईत आहे.

हे अंतर काढण्याची सोयीची सूत्रे नाविकांच्या गरजेतून घडली. कागदावर आकडेमोड करताना लहान अंतरांसाठी चुका वाढत, म्हणून हॅवर्साइन नावाचे त्रिकोणमितीय फल वापरात आले. ते नाव जेम्स इनमन यांनी 1835 मध्ये रूढ केले. अंतर सांगणाऱ्या अनेक संगणक कार्यक्रमांत आजही हेच सूत्र चालते, कारण ते लहान आहे आणि त्यातली चूक सहसा अर्ध्या टक्क्याच्या आत राहते.

ही अर्ध्या टक्क्याची चूक येते कारण पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या सुमारे 6,378 किलोमीटर, तर ध्रुवांकडे सुमारे 6,357 किलोमीटर आहे. हा चपटेपणा मोजण्याच्या शास्त्रात भारतभूमीचा मोठा वाटा आहे. विल्यम लॅम्ब्टन यांनी 1802 मध्ये मद्रासजवळ पायाभूत रेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. हे काम उत्तरेकडे नेत असताना 1823 मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते चालवले आणि 1830 मध्ये पृथ्वीच्या आकाराची मापे मांडली. भारताचे नकाशे दीर्घकाळ त्याच मापांवर आधारलेले होते. प्रत्येक प्रदेशाने पृथ्वीचा आपला वेगळा आकार धरला तर एकाच धावपट्टीचे अक्षांश-रेखांश दोन नकाशांवर वेगळे येतात. उपग्रहांवरून स्थान ठरवण्याच्या काळात हे धोक्याचे होते. म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 1998 पासून डब्ल्यूजीएस-84 ही एकच मोजमापपद्धती जगभर लागू केली. चपट्या पृथ्वीवरचे अंतर मिलिमीटरपर्यंत काढण्याची व्यवहार्य रीत थॅडियस विन्सेंटी यांनी 1975 मध्येच दिली होती. भूमितीचे अंतर हा प्रश्न त्यामुळे आता सुटलेला आहे. यापुढचे प्रश्न आकाशातले आहेत.

वेळेचा पहिला घटक विमान. फेब्रुवारी 1911 मध्ये वैमानिक आँरी पेके यांनी अलाहाबादहून नैनीला विमानाने टपाल नेले. ते अंतर सुमारे 10 किलोमीटर होते. 1929 मध्ये लंडन–कराची सेवा सुरू झाली तेव्हा प्रवासाला सुमारे सात दिवस लागत आणि त्यातला युरोपातला एक टप्पा आगगाडीने करावा लागे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा सकाळी टपाल घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला इंधन घेतले आणि दुपारी जुहूच्या मैदानावर उतरले. 8 जून 1948 रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. 1960 मध्ये बोइंग 707 आल्यावर एअर इंडिया न्यूयॉर्कला पोचली आणि 2007 मध्ये मुंबई–न्यूयॉर्क हा प्रवास कुठेही न थांबता होऊ लागला.

या वाटचालीतली एक गोष्ट ध्यानात घ्यावी अशी आहे. 1960 नंतर प्रवासी विमानांचा वेग फारसा वाढलेला नाही. सुमारे 11 किलोमीटर उंचीवर, जिथे हवा थंड असते, ध्वनीचा वेग तासाला सुमारे 1,060 किलोमीटर भरतो. आजची मध्यम पल्ल्याची विमाने त्याच्या 0.78 पट, लांब पल्ल्याची 0.85 पट वेगाने जातात; म्हणजे तासाला अनुक्रमे सुमारे 830 आणि 900 किलोमीटर. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च परवडत नाही. 1976 ते 2003 या काळात प्रवासी नेणारे कॉन्कॉर्ड हा ठळक अपवाद. त्याने 7 फेब्रुवारी 1996 रोजी न्यूयॉर्क–लंडन हे अंतर तीन तासांच्या आत पार केले. प्रवासाचा वेळ 1960 नंतर कमी झाला तो मुख्यतः थांबे गेल्यामुळे. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानाला विमानतळापासून कितीही दूर जाण्याची मुभा नव्हती. एक इंजिन बंद पडले तरी जवळचा विमानतळ 60 मिनिटांच्या आत गाठता यावा असा दंडक होता. 1985 पासून ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवली गेली, तसे महासागर आणि ध्रुवप्रदेश यांवरचे सरळ मार्ग खुले झाले. 2018 पासून पर्थ–लंडन हे सुमारे 14,500 किलोमीटरचे अंतर एका उड्डाणात पार होते. सिंगापूर–न्यूयॉर्क तर सुमारे 15,300 किलोमीटरचे आहे आणि त्याला अठरा तासांहून अधिक वेळ लागतो.

विमान सगळा वेळ पूर्ण वेगाने जात नाही, हेही हिशेबात घ्यावे लागते. अनेक देशांच्या हवाई हद्दीत 10,000 फुटांखाली वेग 250 नॉट, म्हणजे तासाला सुमारे 460 किलोमीटर, इतकाच ठेवावा लागतो. पूर्ण उंची गाठायला वीस-पंचवीस मिनिटे जातात आणि उतरण्याची सुरुवात मुक्कामाच्या सुमारे 200 किलोमीटर आधी होते. म्हणून अंतर जितके कमी तितका सरासरी वेग कमी. मुंबई–दिल्ली अंतर सुमारे 1,140 किलोमीटर आहे. पूर्ण वेगाने ते सव्वा ते दीड तासाचे काम वाटते, पण वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपासचा आकडा दिसतो.

दुसरा घटक वारा. विमानाचा वेग असतो तो हवेच्या संदर्भात आणि ती हवा स्वतः वाहत असते. वाहत्या नदीत होडी वल्हवणाऱ्याला जाताना आणि येताना सारखे कष्ट पडत नाहीत, तसेच हे आहे. मात्र जाताना बुडालेला वेळ येताना भरून निघतो, ही समजूत गणितात टिकत नाही. समजा, अंतर 7,200 किलोमीटर, विमानाचा वेग तासाला 900 आणि वारा तासाला 100 किलोमीटर आहे. वारा समोरून असेल तर 9 तास लागतील, पाठीशी असेल तर 7 तास 12 मिनिटे. दोन्ही मिळून 16 तास 12 मिनिटे झाली. वारा नसता तर 16 तासच लागले असते. वारा असेल तर जाऊन-येऊनचा वेळ नेहमी वाढतोच, कारण विरोधी वाऱ्यात विमान अधिक काळ अडकलेले असते.

उंचावरच्या या वाऱ्यांचा शोध विसाव्या शतकातला. जपानमधल्या तातेनो वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून त्यांची नोंद घेतली आणि आपला अहवाल एस्परांतो भाषेत प्रसिद्ध केला, पण जगाने त्याची दखल घेतली नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानकडे जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना या वाऱ्यांचा प्रत्यक्ष सामना करावा लागला. 1952 मध्ये टोकियोहून होनोलुलूला जाणारे एक प्रवासी विमान मुद्दाम या वाऱ्यांच्या पट्ट्यातून, म्हणजे जेट प्रवाहातून, नेण्यात आले आणि सुमारे अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांवर आला. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्याच्या साहाय्याने एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचले. हवेच्या संदर्भात त्याचा वेग ध्वनीपेक्षा कमीच होता, हवा मात्र त्याला पुढे नेत होती. भारतावर हिवाळ्यात हा पश्चिमेचा प्रवाह उत्तरेकडच्या राज्यांवरून वाहतो, त्यामुळे दिल्लीहून कोलकात्याला जाताना वेळ कमी आणि परतताना जास्त लागतो. पावसाळ्यात द्वीपकल्पावर याच्या उलट दिशेचा पूर्वेकडचा प्रवाह तयार होतो; हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी 1958 मध्ये त्याचे स्वरूप मांडले. एकाच मार्गाची उड्डाणवेळ ऋतूप्रमाणे बदलते ती अशा कारणांनी.

वाऱ्यात सर्वांत लवकर पोचण्याचा मार्ग कोणता, हा शुद्ध गणिताचाही प्रश्न आहे. गणितज्ञ एर्न्स्ट झेर्मेलो यांनी तो 1931 मध्ये सोडवून दाखवला. त्यांचे उत्तर असे, की वारे ठिकठिकाणी वेगळे असतील तर कमीत कमी वेळाचा मार्ग बृहद्वृत्ताशी जुळत नाही. आज विमान निघण्याआधी संगणक हवामानाचे अंदाज घेऊन हाच प्रश्न पुन्हा सोडवतात. उत्तर अटलांटिकवर तर त्या दिवसाच्या वाऱ्यांनुसार मार्गांचा संचच रोज नव्याने आखला जातो.

तिसरा घटक राज्यसत्ता. 1944 च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरच्या आकाशावरचे पूर्ण स्वामित्व मान्य केले. बृहद्वृत्त कोणाच्या सीमा जाणत नाही. विमानाला मात्र परवानगी लागते. मुंबई–तेल अवीव हे महाराष्ट्राशी जवळचा संबंध असलेले उदाहरण आहे, कारण मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाची येजा याच वाटेने होत आली. अरब देशांचे आकाश बंद असल्याने इस्रायली विमाने वर्षानुवर्षे अरबस्तानाला वळसा घालून तांबड्या समुद्रावरून जात. मार्च 2018 मध्ये एअर इंडियाच्या दिल्ली–तेल अवीव विमानाला सौदी अरेबियावरून जाण्याची परवानगी मिळाली, तेव्हा दोन्ही मार्गांतला फरक सुमारे दोन तासांचा होता. फेब्रुवारी ते जुलै 2019 या काळात पाकिस्तानचे आकाश बंद राहिले आणि एप्रिल 2025 मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना गुजरात आणि अरबी समुद्रावरून वळसा पडला, उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावे लागले. मुंबई दक्षिणेला असल्याने तिला या बंदीची झळ तुलनेने कमी बसली. 2022 मध्ये रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास सुमारे तेरा तासांचा झाला. या शहरांमधली भूमितीची अंतरे एका मीटरनेही बदलली नव्हती.

चौथा घटक विमानतळ. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्हींवरून एकाच वेळी स्वतंत्रपणे वाहतूक चालवता येत नाही. गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालत थांबावे लागते, तर जमिनीवर निघणाऱ्यांची रांग लागते. कंपन्या ही दिरंगाई गृहीत धरून वेळापत्रकातला वेळ वाढवून ठेवतात. त्यामुळे विमान उशिरा निघूनही वेळेवर पोचल्याची नोंद होऊ शकते. ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. एकाच महानगराला दोन विमानतळ मिळाले की ‘मुंबईपासूनचे अंतर’ सांगताना कोणत्या विमानतळापासूनचे, हेही सांगावे लागते.

शेवटचा घटक घड्याळ. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची असते. मुंबईहून लंडनला हिवाळ्यात दहा तासांचा प्रवास केला तर घड्याळांच्या काट्यांत साडेचार तासच गेलेले दिसतात. परतीचे नऊ तास साडेचौदा भासतात. लंडनची घड्याळे उन्हाळ्यात एक तास पुढे जातात आणि हा हिशेब पुन्हा बदलतो. स्थानिक वेळेचा हा प्रश्न मुंबईला जुना आहे. भारतीय प्रमाणवेळ 1906 पासून लागू झाली, तरी ग्रिनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे असलेली मुंबईची स्वतंत्र वेळ शहरात 1955 पर्यंत पाळली जात होती.

या विषयाकडे पाहण्याच्या वेगवेगळ्या पद्धती यातूनच घडल्या. भूमितीची परंपरा गोल आणि चपट्या पृथ्वीवरच्या अचूक अंतराचा विचार करते. हवामानशास्त्राची परंपरा अंतरापेक्षा वेळेला महत्त्व देते. व्यवसायाची परंपरा इंधन आणि वेळ यांच्या एकत्रित खर्चाकडे पाहते आणि त्यानुसार वेग व उंची ठरवते. सर्वांत लवकर पोचणे तिला नेहमीच हितावह वाटत नाही. कायद्याची परंपरा आकाशाचे हक्क आणि प्रवाशांची भरपाई यांचा विचार करते. अलीकडे त्यांत आकडेवारीच्या अभ्यासाची भर पडली आहे: विमाने आपले स्थान सतत रेडिओवरून प्रसारित करत असल्याने लाखो उड्डाणांचे प्रत्यक्ष माग जमवता येतात आणि ठरवलेला मार्ग व झालेला मार्ग यांची तुलना शक्य होते. या परंपरा एकमेकींना खोडत नाहीत. प्रत्येकीचा प्रश्न वेगळा आहे. गोंधळ होतो तो एकीचा आकडा दुसरीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून वापरल्यावर.

असा गोंधळ आता परवडणारा नाही, कारण अंतर आणि वेळ यांच्या व्याख्यांवर पैसा, हक्क आणि धोरणे ठरू लागली आहेत. 27 एप्रिल 2017 रोजी प्रादेशिक विमानसेवेसाठीच्या ‘उडान’ योजनेतली पहिली उड्डाणे सुरू झाली आणि त्यांत नांदेड–हैदराबाद होते. योजनेत सुमारे 500 किलोमीटरच्या किंवा एका तासाच्या उड्डाणासाठी काही आसनांचे भाडे 2,500 रुपयांपर्यंत मर्यादित केले होते. युरोपीय संघाच्या नियमांत प्रवाशाला मिळणारी भरपाई बृहद्वृत्तावर मोजलेल्या 1,500 आणि 3,500 किलोमीटरच्या टप्प्यांनुसार बदलते. भारतातल्या नियमांत मात्र उड्डाण रद्द झाल्यावरची भरपाई ब्लॉक टाइमवर अवलंबून असते. म्हणजे एका ठिकाणी कायदा अंतर मोजतो, दुसऱ्या ठिकाणी वेळ. आपला हक्क समजून घ्यायचा तर प्रवाशाला दोन्ही कळायला हवीत.

पर्यावरणाचा हिशेबही इथूनच सुरू होतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या कार्बन गणनपद्धतीत भूमितीच्या अंतरात वळसे आणि घिरट्या यांसाठी भर घालतात: 550 किलोमीटरपर्यंत 50, त्यापुढे 5,500 पर्यंत 100 आणि त्याहून लांबच्या प्रवासाला 125 किलोमीटर. मुंबई–नागपूर हे अंतर सुमारे 680 किलोमीटर आहे. तिथे ही भर जवळजवळ पंधरा टक्के होते. मुंबई–लंडनला ती दोन टक्क्यांच्याही आत राहते. लहान उड्डाणांचा दर किलोमीटरचा भार अधिक का, याचे एक कारण या साध्या आकडेमोडीतून कळते. वळसा टाळणारा प्रत्येक सरळ मार्ग इंधन वाचवतो, म्हणून लष्करासाठी राखीव असलेले आकाश गरज नसेल तेव्हा नागरी विमानांना खुले करण्याचे धोरण भारतानेही स्वीकारले आहे.

मराठीत विमानप्रवासाची वर्णने भरपूर आहेत, पण त्यामागचा भूगोल, गणित, हवामान आणि कायदा यांची एकत्र मांडणी क्वचितच आढळते. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न म्हणून या पुस्तकाकडे पाहावे. ते वैमानिकांसाठी लिहिलेली मार्गदर्शिका नाही. शालेय त्रिकोणमिती येणाऱ्या कोणालाही ते वाचता येईल. भूगोल शिकवणारे शिक्षक, स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, वाहतुकीवर लिहिणारे पत्रकार आणि जिज्ञासू प्रवासी हा त्याचा वाचकवर्ग आहे. उदाहरणे शक्य तिथे महाराष्ट्रातल्या शहरांची घेतली आहेत, कारण ओळखीच्या गावांवरून अनोळखी गणित लवकर समजते. मापे किलोमीटरमध्ये आहेत. जिथे व्यवसायात सागरी मैल आणि फूट चालतात तिथे तेही दिले आहेत. अंतराच्या प्रत्येक आकड्यासोबत तो कोणत्या प्रकारचा आहे हे नमूद करण्याचा नियम पाळला आहे. उड्डाणाची वेळ शक्यतो एका आकड्यात न देता कमाल-किमान मर्यादांत दिली आहे. ही मांडणी काहींना नेमकेपणाला सोडून गेल्यासारखी वाटेल. प्रत्यक्षात नेमकेपणासाठीच ती आवश्यक आहे: जी गोष्ट रोज बदलते तिची व्याप्ती सांगणे हेच तिचे खरे मोजमाप असते.

पुस्तक वाचून झाल्यावर वाचकाला कोणत्याही दोन शहरांचे अक्षांश-रेखांश घेऊन स्वतः अंतर काढता यावे, वाटेतल्या वाऱ्यांचा आणि सीमांचा अंदाज बांधता यावा आणि वेळापत्रकातल्या आकड्यात यांपैकी कशाचा किती वाटा आहे हे ताडता यावे, एवढी त्यामागची अपेक्षा आहे. मार्ग बदलतील, आकाशे बंद होतील आणि पुन्हा खुली होतील, नवी विमाने येतील, आणि या पुस्तकातल्या काही वेळा जुन्या होतील. त्या का बदलल्या हे समजण्याची रीत मात्र जुनी होणार नाही, आणि ती वाचकाच्या हाती देणे हेच या पुस्तकाचे काम आहे.